दोरीच्या खालच्या टोकाला

३ मेची गोष्ट. शिवाजी पेठेत घंटागाडीच्या मागे उभी राहून घरोघरचा कचरा घेत होते. कोपऱ्यावरच्या इमारतीत कचरा द्यायला जिना उतरायची पद्धत नाही. तिसऱ्या मजल्यावरून दोरी सुटते. भाजीवाल्यासाठी टोपली, माझ्यासाठी लाल बादली.

त्या दिवशी बादलीत शिळा भात, आंब्याच्या कोयी, फुटका ग्लास आणि बाळाचं डायपर, सगळं एकात एक. मी मान वर करून म्हणाले, "वहिनी, ओला येगळा द्या. कितींदा सांगायचं?"

वहिनी कठड्यावरून वाकल्या. "निवडायचं काम तुमचंच हाय की. आणि ऱ्हाता कचरा डेपोच्या कडंला. तुमच्या नाकाला सवय असती."

भाजीवाला हसला. शेजारच्या दारातल्या दोघी हसल्या. मी बादली उपडी केली. रस्त्यात उकिडवी बसले आणि निवडलं. हातमोजा फाटका होता, काच बोटात गेली. वरून दोरी हलली, म्हणजे आटप. रिकामी बादली वर गेली. मग त्याच दोरीला टोपली बांधून खाली आली. "मामा, कोथिंबीर ताजी हाय न्हवं?"

मला त्या भाजीवाल्याचा हेवा वाटला. तो त्यांचा मामा. मी इतकी वर्षं त्याच दारात येते, मला नातं नाही.

पण खरा हेवा वेगळाच आहे. त्यांची मोठी मुलगी माझ्या मुलीच्या वयाची. सकाळी फुटबॉलचे बूट खांद्यावर टाकून उड्या मारत खाली येते. माझीही खेळायची. शाळेच्या संघात होती, डाव्या पायाने मारायची. आता अर्धं मैदान पळाली की छातीत शिट्टी वाजते. डॉक्टर म्हणाले, धुरापासून लांब राहा. लांब म्हणजे कुठे, ते बोलले नाहीत. वहिनींच्या दागिन्यांचा मला हेवा नाही, फ्लॅटचाही नाही. त्यांच्या पोरीच्या फुप्फुसांचा आहे. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

त्याच दुपारी डेपो पेटला. उन्हाळ्यात पेटतोच. खाली दबलेलं ओलं कुजतं, त्याचा मिथेन वायू होतो, ठिणगी मिळाली की ढीग आतून जळत राहतो. पाण्याचे बंब येतात, धूर थांबत नाही. ओलं वेगळं आलं तर ते बंद टाकीत जातं आणि त्याच वायूवर चूल पेटते. मुकादम हे सगळ्यांना सांगून थकला. पेठेत पत्रकं वाटली. वहिनींनी त्या पत्रकात माशांचे काटे गुंडाळून मलाच दिले होते. मी एकटी रस्त्यात किती बादल्या निवडणार? उरलेलं तसंच डेपोवर जातं.

संध्याकाळी पोरीला दवाखान्यात नेलं. वाफेचा मास्क लावला. श्वास थोडा मोकळा झाल्यावर तिने तो बाजूला केला.

"आई, आज पेठेतलाच कचरा पेटलाय व्हय?"

"पेठेतला बी असंल."

"मग तू घेतीस कशाला तसला?"

मी तिच्या तोंडावर मास्क परत लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल बादली खाली आली. तशीच, मिसळलेली. मी हात लावला नाही. दोरी हलली. पुन्हा हलली. मग वरून तोंड दिसलं.

"काय गं, दिसत न्हाय?"

"दिसतंय. येगळं करून द्या, मग घेते."

"तक्रार करीन तुझी."

"करा."

ड्रायव्हर खिडकीतून हळूच म्हणाला, मावशी, आपण ठेकेदाराची माणसं, उद्या घरी बसवतील. मी त्याला गाडी पुढे घ्यायला सांगितली.

पुढच्या दारातही मिसळलेलाच डबा होता. तोही घेतला नाही.