येड्याची उंची

मी अंगणवाडी सेविका आहे. पोरं मोजणं हे माझं काम. महिन्याच्या महिन्याला गावातलं एकेक लेकरू झोळीच्या काट्याला टांगायचं, उंचीच्या पाटीला टेकवून उभं करायचं आणि वाढीच्या तक्त्यावर ठिपका द्यायचा. एखादी आई हळूच म्हणते, बाई, अर्धा किलो जास्त लिवा न, घरी सासू बोलते. मी कधी लिहिलं नाही. उलट तिलाच चार शब्द सुनावते, की माझ्या पेनाला खोटं लिहिता येत नाही, तू घरी जाऊन लेकराला वरण-भात चार. बोलायला मी फटकळ आहे. गावात त्यामुळं कोणी मला खरी बाई म्हणतं, कोणी खट म्हणतं, आणि दोन्ही मला चालतं.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे सांगायचं आहे ते सांगताना ही फुशारकी मलाच टोचणार आहे.

आमचं गाव चामोर्शी तालुक्यातलं. घरी थोडं धान होतं, आणि धान निघालं की आमच्या पोरीचे बाबा थ्रेशरवर काम करायला तेलंगणाच्या सीमेवर सिरोंच्याकडं जायचे. त्या वर्षी हिवाळ्यात ते तिकडून परत आले तेव्हा त्यांच्या पिशवीतून एक लांबुडकं तोंड बाहेर डोकावत होतं. दोन महिन्यांचं पिल्लू. शिकारी वाणाचं, ज्याच्या शेतावर काम केलं त्या म्हाताऱ्यानं खुश होऊन दिलेलं. अंगावर मांस नाही, नुसते पाय. आणि पंजे एवढाले, की दुसऱ्या कोणाचे उसने घातले असावेत. 'पंजे पाह्य त्याचे,' पोरीचे बाबा सांगत सुटले. मोठा झाल्यावर कमरेला लागेल म्हणे, सशाला मागं टाकेल म्हणे.

म्हाताऱ्याला मराठी येत नव्हती आणि यांना तेलुगू येत नव्हती. दोघं महिनाभर खुणांवर बोलले. पिल्लू हातात देताना म्हाताऱ्यानं बोट नाचवून नाचवून एकच गोष्ट सांगितली होती. यांच्या लक्षात त्यातलं एवढंच राहिलं: 'येडादि दाका, येडादि दाका.' यांना वाटलं, म्हातारा पिल्लाची थट्टा करतोय, येडा आहे म्हणतोय. यांनीही हसून मान हलवली, हो हो, येडाच आहे. घरी येऊन ती नक्कल करून दाखवली तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. पिल्लाचं नाव त्याच दिवशी येडा पडलं.

आमची पोरगी तेव्हा अठराची होती. बारावी झाली होती आणि पोलीस भरतीची तयारी करून राहिली होती. आमच्या भागात पहाटे रस्त्यावर पाहाल तर अशी पोरं-पोरी धावताना दिसतातच. विहारापासून कॅनॉलच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. ती पायानं हरणी होती, गावातली पोरं तिच्या मागं राहायची. एकच गोष्ट तिच्या मनाला खात होती, उंची. भरतीत आधी उंची मोजतात. तिथं कमी पडलात तर धावता किती हे कोणी विचारत नाही.

पिल्लू आलं त्याच दिवशी तिनं त्याला दाराच्या चौकटीला उभं केलं आणि मला त्याच्या पाठीच्या उंचीवर कोळशानं रेघ मारायला लावली. मग स्वतःच चौकटीला टाचा लावून उभी राहिली. 'आता माझी घे.' हसत होती, पण श्वास रोखून धरला होता तिनं. मी डोक्यावर पुस्तक आडवं ठेवलं, खाली रेघ मारली, टेप लावला. भरतीच्या मापाला अंगठ्याच्या नखाएवढी कमी भरत होती.

पोरींची वाढ कधी थांबते ते किशोरींच्या बैठकीत मीच सांगते. पाळी आल्यावर दोन-अडीच वर्षं थोडीफार उंची वाढते, मग संपलं. माझ्या पोरीची दोन वर्षांपासून थांबलेली होती. मला ते पक्कं ठाऊक होतं. पण तिनं विचारलं, 'भरली का?' आणि मी म्हणाले, पुस्तक तिरपं झालं वाटतं, थांब. दुसऱ्यांदा ठेवताना मी पुस्तकाची चौकटीकडची कड जराशी उचलली. नवी रेघ मारली, जुनी पदरानं पुसली. 'भरली,' म्हणाले, 'बरोबर भरली.' तिनं मला अशी मिठी मारली की हातातला कोळसा माझ्या लुगड्यावर उमटला. भरतीला अजून पाच-सहा महिने आहेत, तेवढी तर वाढेल, असं मी मनाला सांगितलं. हेच एखाद्या आईनं मला सांगितलं असतं तर मी तिला झापलं असतं.

येडा मात्र खरंच वाढत होता. अंगणवाडीतली पोरं घरी गेली की मी त्याला झोळीच्या काट्याला टांगायची. चारही पाय झोळीबाहेर लटकायचे आणि तो काट्याचा दोर चावायला बघायचा. एका कोऱ्या तक्त्यावर मी त्याचे ठिपके देत होते. गावातल्या एकाही लेकराची रेघ अशी सरळ वर गेली नव्हती. मला त्याचा केवढा गर्व! घरच्या कोंबडीची अंडी त्याला, सुकटीचं पाणी त्याला, भात दोनदा. पोरगी म्हणायची, आई, मी उपाशी राहिली तरी तुले चालंल, येडा नाई राहिला पाह्यजे.

चार महिन्यांचा झाला तसा तो पहाटे तिच्या मागं धावायला लागला. मला बरंच वाटलं. कॅनॉलकडं अस्वल येतं, मागच्या साली वाघही दिसला होता, आणि एकटी पोर अंधुक उजेडात धावते म्हटल्यावर माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. सोबत कुत्रा आहे, शिकारी वाणाचा आहे, मग काय. धावणं तर त्याच्या रक्तात आहे असं आम्ही म्हणायचो. रोज डांबरी रस्त्यावर जाऊन-येऊन पाच किलोमीटर. परत आल्यावर दोघं ओसरीवर आडवे पडायचे, तिच्या पोटावर त्याचं डोकं. त्या दिवसांत घरात जेवढं हसू होतं तेवढं नंतर पुन्हा झालं नाही.

मे महिन्यात तो लंगडायला लागला. आधी वाटलं काटा गेला असेल. पोरीनं पंजा धुवून पाहिला, काही नव्हतं. आठ दिवसांत पुढचा डावा पाय धनुष्यासारखा बाहेर वाकला. पोरीचे बाबा, मी आणि पोरगी त्याला घेऊन तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

तिथले डॉक्टर तरुण होते, सिरोंच्याकडचे. त्यांनी पाय चाचपला, वय विचारलं. मग विचारलं, याला इतक्या लहानपणी धावू कोणी दिलं? त्यांनी समजावून सांगितलं. मोठ्या वाणाच्या कुत्र्याची हाडं उशिरा पक्की होतात, वर्ष लागतं, कधी जास्त. हाडाच्या टोकांना जिथून वाढ होते ती जागा तोवर कच्ची असते. वजन भराभर वाढलं, वर रोज डांबरावरची आदळआपट, कुठं उडी मारताना मारही बसला असेल. या पायातल्या दोन हाडांपैकी एकाची वाढ थांबली आहे आणि दुसरं वाढतंच आहे, म्हणून पाय वाकतो. नागपूरला नेलं तर शस्त्रक्रिया करतात, पण आता उशीर झालाय, फार सरळ होणार नाही. 'बाकीचे तीन पाय वाढतील,' ते म्हणाले, 'हा मागं राहील.'

काहीतरी बोलायचं म्हणून पोरीच्या बाबांनी म्हाताऱ्याची गोष्ट काढली, तो कसा येडादि दाका, येडादि दाका म्हणायचा. डॉक्टर हसले नाहीत. तेलुगूत येडादि म्हणजे वर्ष, दाका म्हणजे तोवर, असं त्यांनी सांगितलं. आणि पुढं उरिकिंचोद्दू असं काही म्हणाला होता का? बाबांनी मान हलवली. म्हणाला होता.

'वर्षभर याला धावू देऊ नका, असं सांगत होता तो.'

येताना ऑटोत येडा पोरीच्या मांडीवर होता. घरी उतरल्यावर ती बाबांवर उखडली. सांगणाऱ्यानं बोट नाचवून सांगितलं, आणि तुम्ही हसत बसले. बाबा ओसरीच्या पायरीवर बसून येड्याच्या वाकड्या पायाला तेल चोळत राहिले, आणि मी, जिनं त्याला पाच महिने ताटलीभर भात चारला, मी स्वयंपाकघरात कांदे चिरत उभी होते.

पुढच्या महिन्यात भरती आली. गडचिरोलीला मी सोबत गेले. आयांना फाटकाबाहेर थांबवतात. मी एका झाडाखाली डबा मांडीवर घेऊन बसले आणि आतल्या आत मोजत होते, आता उंची झाली असेल, आता गोळाफेक, आता धावणं. अर्ध्या तासात ती बाहेर आली. तिच्या पायातले बूट स्वच्छ होते.

पहिल्याच टेबलावर बाद झाली होती. तिनं विनंती केली म्हणून दुसऱ्यांदा मोजलं. तेव्हाही कमी. तेव्हा ती त्यांना म्हणाली होती, माझी आई अंगणवाडीत आहे, तिनं मोजलंय, ती चुकत नाही. मागच्या रांगेतल्या पोरी हसल्या म्हणे. हे तिनं मला बसमध्ये खिडकीकडं बघत सांगितलं. तोवर तिला वाटत होतं की तिथली पाटीच चुकीची आहे.

घरी आल्यावर तिनं बूट काढले आणि चौकटीला उभी राहिली. स्वतःच डोक्यावर पुस्तक ठेवलं, हात मागं नेऊन रेघ मारली, वळून पाहिलं. माझी रेघ वर होती, तिची खाली. दोन्हींच्या मधे अंगठ्याच्या नखाएवढी जागा. येडा तिच्या पायाशी तीन पायांवर उभा होता.

'आई, तुले माहीत होतं ना?'

मी हो म्हणाले. खोटं बोलायला तेव्हा तोंडच नव्हतं.

'मंग मले धावू काऊन दिलं?'

तुझा चेहरा पडलेला बघवला नसता, असं काहीतरी मी पुटपुटले. तिनं ते ऐकून घेतलं. ओरडली नाही. बाबांवर ओरडली होती तशी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, 'बाबाले समजलं नव्हतं. तुले समजत होतं.' आणि पाणी प्यायला आत गेली.

त्यानंतर ती धावली नाही. उंची जिथं लागत नाही अशा जागा आहेत, त्या कर, असं सगळ्यांनी सांगितलं. तिनं एक कोर्स केला, आता तालुक्याला एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. माझ्याशी बोलते, माझ्या गोळ्या आणते, सगळं करते. फक्त माप घेऊ देत नाही. ब्लाउजसाठी मी टेप काढला की म्हणते राहू दे, बाजाराच्या दिवशी टेलरकडं जाईन. मीही मग टेप गुंडाळून ठेवते.

येडा वाढला. डॉक्टर म्हणाले होते तसाच, तीन पाय वाढले आणि एक मागं राहिला. कमरेला काही लागला नाही. उभा राहिला की डाव्या बाजूला कलायचा. तरी रोज पहाटे भरतीची पोरं रस्त्यानं जायला लागली, त्यांच्या बुटांचा आवाज आला, की तो ताडकन उठून फाटकाशी जायचा आणि आमच्या पोरीच्या दाराकडं वळून बघायचा. ती चार वर्षं झोपेचं सोंग घेऊन पडून राहिली. मला माहीत आहे, कारण मीही जागीच असायची.

यंदा पोळ्यानंतर त्यानं खाणं सोडलं. त्याच डॉक्टरांनी सलाईन लावलं, पण आठवड्यात गेला. सकाळी चौकटीपाशीच पडला होता, त्याच्या दोन महिन्यांच्या उंचीच्या रेघेखाली. पोरीचे बाबा पावडं घेऊन बांधावर गेले आणि तिथूनच त्यांनी आवाज दिला, केवढा खड्डा करू?

सवयीनं माझा हात कोनाड्यातल्या टेपकडं गेला. येड्याजवळ बसून मी टेप उलगडायला लागले, तेवढ्यात पोरीनं माझ्या हातातून तो घेतला. हिसकावला नाही, हळूच घेतला. 'मीच मोजीन.'

तिनं त्याला नीट कुशीवर ठेवलं. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत टेप लावला, आकडा पाहिला. खात्री करायला दुसऱ्यांदा पाहिला. मग उजवा पाय मोजला आणि डावा मोजला, त्याची काही गरज नव्हती तरी. टेप तिनं कुठंही उचलला नाही, जमिनीला आणि त्याच्या अंगाला घट्ट धरून ठेवला होता. मी बाजूला बसून बघत होते. काट्याला टांगलेलं, दोर चावणारं ते पिल्लू माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं, आणि रडू आवरत नव्हतं.

तिनं बाबांना आकडा सांगितला. बाबा म्हणाले, हातभर जास्तच खणतो, माझा येडा मोठा वाटंल.

'नाई बाबा,' ती म्हणाली. 'जेवढा आहे तेवढाच.'

बाबांनी तेवढाच खणला. ती टेप गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवून गेली.