निळ्या चादरीवरचा मासा

बालवर्गाच्या बाईंची वीस वर्षं समुद्राकाठच्या त्या शाळेत गेली होती. एके सकाळी त्यांनी वर्गभर निळी चादर अंथरली आणि किनाऱ्यावरून वेचून आणलेल्या बाटल्या, झाकणं, पिशव्या तिच्यावर पसरल्या. आता प्लास्टिकविषयी चार शब्द सांगावेत, तोच कधी चकार शब्द न काढणारी चिमी त्या पसाऱ्यात जाऊन आडवी झाली.

"अगं, हे काय?" बाईंनी विचारलं.

"मी मासा आहे. मला पोहायला जागाच नाही," ती पुटपुटली.

मग पोरं आपणहून उठली. पुन्हा कामी येणाऱ्या बाटल्या एका टोपलीत, पिशव्या दुसरीत जाऊ लागल्या. चादर मोकळी झाली, तशी चिमी डोळे मिटून, हात पसरून संथ पोहू लागली. बाईंना सांगण्यासारखं काही उरलंच नाही. त्याही अलगद तिच्याशेजारी पाण्यात उतरल्या.