शेवटच्या बाकावरचे मेसेज

चेन्नईत आल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही दोघं घराजवळच्या चर्चमध्ये जाऊन, दारातल्या वहीत नाव-नंबर लिहून आलो, आणि सोमवारी सकाळी माझ्या मोबाइलवर एक लांबलचक तमिळ मेसेज आला. ह्यांची रेल्वेच्या कारखान्यात बदली झाली होती. वेस्ट मांबलममधल्या फ्लॅटमध्ये अर्धं सामान अजून खोक्यांतच होतं. मला तमिळचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. विजेचं बिल थकलंय की गॅसचं काही राहिलंय, काही कळेना. हे कामावर गेलेले. शेवटी मोबाइल घेऊन खालच्या मजल्यावरच्या मामींचं दार वाजवलं. मामी म्हणजे तिथल्या वयस्कर ब्राह्मण बाई. यजमानांच्या नोकरीमुळे काही वर्षं दिल्लीत राहिलेल्या, त्यामुळे त्यांचं हिंदी माझ्या कामी यायचं.

मामी कढीपत्ता निवडत बसल्या होत्या. पदराला हात पुसून त्यांनी मेसेज वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"काल कुठल्या देवळात गेला होतात?"

"चर्चमध्ये. आम्ही ख्रिस्ती आहोत, नगरकडचे."

"मग त्यांचाच आहे हा. म्हणतायत, काल तुम्ही आलात, आम्हाला आनंद झाला, पुन्हा या. घरात काही अडचण असली तर कळवा, आम्ही प्रार्थना करू. खाली पास्टरचा नंबर आहे." मोबाइल माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "जा हो पुढच्या रविवारी. एवढ्या अगत्यानं कोण बोलावतं आजकाल!"

त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे, पण आम्ही गेलो. उपासना संपल्यावर मी पास्टरना हा किस्सा सांगितला. चाळिशीचे, उत्साही गृहस्थ. ओठ झाकून टाकणारी भरघोस मिशी. ते मनापासून हसले आणि मग जरा गंभीर झाले. जुनी कुटुंबं एकेक करून उपनगरांत राहायला गेली होती, बाकं रिकामी पडत होती. नवे लोक यायचे, मागे बसायचे, आशीर्वाद झाला की निघून जायचे. त्यांना निदान एक शब्द तरी पोचावा म्हणून कमिटीनं हे मेसेज सुरू केले होते.

"उत्तर येतं का कुणाचं?" मी विचारलं.

"फार थोड्यांचं," त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. "पण तुमच्यासारखे तमिळ न वाचणारेही बरेच येतात. नर्सेस, बँकेतले लोक, उत्तरेकडचे कामगार. त्यांना इंग्रजीत, हिंदीत तुम्ही लिहाल का?"

नगरला मी शाळेत शिकवत होते. इथे दिवसभर घरात भिंतींशी बोलायची वेळ आली होती. मी लगेच हो म्हटलं.

कमिटीतल्या एकट्या सेक्रेटरींना ते पसंत नव्हतं. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, पांढराशुभ्र शर्ट, तशीच कडक इस्त्रीची वेष्टी, म्हणजे तिकडचं लुंगीसारखं नेसायचं धोतर. ते मला इंग्रजीत म्हणाले, "माणसाला बोलवायचं तर त्याच्या घरी जावं, त्याच्या आईवडिलांची चौकशी करावी. बोटानं बटण दाबून मंडळी वाढत नाही." त्यांचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही. पण मला तर त्या बटणानंच बोलावलं होतं, हेही खरं होतं.

मी शेवटच्या बाकावर बसायची. उपदेश तमिळमध्ये, तो डोक्यावरून जायचा. मग मी लोकांची तोंडं बघत बसायची. ह्यांना बहुतेक रविवारी ड्यूटी लागे, तेव्हा एकटीच. एका रविवारी माझ्या शेजारी एक मुलगी येऊन बसली. पंचविशीची असेल. वेणीत मोगरा, खांद्याला कापडी पिशवी. सगळे उभे राहिले की ती क्षणभर उशिरा उभी राही, गाण्यात तोंड उघडत नसे. मला वाटलं, ही पण माझ्यासारखीच परप्रांतातली. उपासना संपल्यावर मी हिंदीत विचारलं, मग इंग्रजीत. तिनं हसून कानाला बोट लावलं आणि नकारार्थी मान हलवली. तिला ऐकू येत नव्हतं. मी खुणेनं मोबाइल पुढे केला, तिनं त्यात आपला नंबर घातला आणि घाईघाईनं निघून गेली.

सोमवारी ठरलेला मेसेज मी तिलाही पाठवला: तुम्ही आलात, आनंद झाला. दोन मिनिटांत उत्तर आलं, तुटक इंग्रजीत. मराठीत सांगायचं तर असं: "थँक्यू. काल पास्टर काय सांगितले? मी ओठ बघते. मिशी आहे. समजत नाही."

मी एकटीच स्वयंपाकघरात मोठ्यानं हसले. मग तिला लिहिलं की मलाही काही समजलं नाही, मला तमिळ येत नाही.

तिचं उत्तर आलं: "तुम्हाला कान आहेत. तरी?"

अशी आमची ओळख झाली. पुढच्या काही दिवसांत तिची हकिकत तुकड्यातुकड्यानं कळत गेली. ती तिरुनेलवेलीकडच्या एका खेड्यातली. टी. नगरमधल्या साड्यांच्या मोठ्या दुकानात पॅकिंगला होती आणि आमच्याच भागातल्या बायकांच्या हॉस्टेलमध्ये राहायची. रविवारी दुकान चालू, दुपारची पाळी, म्हणून ती घाई. गावच्या चर्चमध्ये आई तिच्या शेजारी बसायची आणि उपदेश तिच्या तळहातावर बोटांनी खुणा करून सांगायची. त्या खुणा जगात दोघींनाच कळत. चेन्नईत आल्यावर तो हात सुटला. "तरी येता?" मी विचारलं. तिनं लिहिलं: "रविवार आहे. घरी बसून काय करू?"

मी पास्टरना हे सगळं सांगितलं. मिशीचा भाग सांगताना जरा अवघडले होते, पण सांगितला. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. त्या शनिवारी त्यांचा मेसेज आला. दुसऱ्या दिवशीच्या उपदेशाचं सार, वर तमिळमध्ये, खाली इंग्रजीत. मी ते तिला पाठवलं. आणि रविवारी पाहते तो पास्टरांची मिशी एवढीशी राहिलेली, वरचा ओठ पूर्ण उघडा. बायका पदराआडून हसत होत्या. त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "लग्नात मी सांगितलं होतं कमी करा, तेव्हा ऐकलं नव्हतं."

शेवटच्या बाकावर आमचं काम छान जमलं. गायच्या गीताचा नंबर पुकारला की तो मला कळायचा, कारण तमिळ आकडे मी भाजीवाल्यांकडून शिकले होते. मी तो मोबाइलवर लिहून तिच्यापुढे धरायची. ती गीतांच्या पुस्तकात ते पान काढायची आणि ओळीवर बोट ठेवायची, कारण अक्षर मला वाचता येत नव्हतं. मी सूर पकडून तिचं बोट हलवायची. आता प्रार्थना, आता दान, आता बसायचं, सगळं मी टाइप करायची. उपदेश चालू असताना पास्टर सारातल्या कुठल्या मुद्द्यावर आलेत ते ती त्यांच्या ओठांवरून ओळखायची आणि मला दाखवायची. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा उपदेश माझ्या पदरात पडायला लागला.

एका रविवारी सेक्रेटरींनी आम्हाला पाहिलं. त्यांना तिच्याबद्दल ठाऊक नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच, की उपदेश चालू आहे आणि दोन बायका मोबाइल बघून हसतायत. उपासना संपताच ते मागे आले आणि सगळ्यांसमोर कडाडले, "हे देवाचं घर आहे की बस स्टँड? लाज वाटायला हवी!" मी समजावून सांगायला तोंड उघडलं, पण ते तोवर पुढे गेले होते. तिला शब्द ऐकू आले नाहीत, पण चेहरा दिसला होता. ती पिशवी उचलून निघून गेली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. तिची जागा रिकामी ठेवून मी बसले, आणि गीताचा नंबर ऐकूनही पान काढता येईना. 'आम्हाला तुमची आठवण आली' असा एक तयार मेसेज आमच्याकडे होता, पण तो मला पाठववेना. मी लिहिलं, "तू नाहीस तर मी पुस्तक उलटं धरून बसले."

संध्याकाळी उत्तर आलं: "मोठे माणूस रागावले. माझ्यामुळे तुम्हाला बोलणी. मी येत नाही."

मी तो मेसेज पास्टरना दाखवला. पास्टरनी सेक्रेटरींना बोलावून घेतलं आणि माझ्यासमोरच, शांतपणे सगळं सांगितलं. सेक्रेटरी उभे होते ते खुर्चीवर बसले. बराच वेळ त्यांनी कपाळ चोळलं.

"मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "कुठे राहते ती मुलगी?"

"इथल्याच बायकांच्या हॉस्टेलमध्ये. पण फोन करून उपयोग नाही, मेसेज करा," मी म्हटलं.

"मेसेज नाही. चूक तोंडावर केली, तर माफीही तोंडावरच मागायची."

दोन दिवसांनी सकाळी अकराच्या सुमाराला त्यांचा मला फोन आला. आवाज चिडलेला आणि थोडा रडवेलाही. ते हॉस्टेलच्या फाटकाशी उभे होते. आत पुरुषांना मज्जाव. वॉचमन म्हणे, फोन करून बाहेर बोलवा. ती ऐकू शकत नाही, हे सांगून सांगून ते दमले होते. उन्हात उभं राहून घामाघूम झाले होते.

"अम्मा," ते म्हणाले, "तो मेसेज कसा पाठवायचा ते सांगा."

मी तिला विचारून नंबर दिला. कुठे दाबायचं, तमिळ अक्षरं कशी आणायची, हे सगळं फोनवर समजावून सांगितलं. त्यांनी काय लिहिलं ते मला नंतर तिनं दाखवलं, आणि मामींनी वाचून अर्थ सांगितला: "मी तो रागीट म्हातारा. फाटकाशी उभा आहे. खाली येशील का बाळ?"

ती खाली आली. काय बोलणं झालं ते विचारायला नको, कारण तिला ऐकू येत नव्हतं आणि त्यांना खुणा येत नव्हत्या. तिनं मला एवढंच कळवलं, की त्यांनी हात जोडले, तिनं त्यांना आतून पाणी आणून दिलं, आणि जाताना त्यांनी पिशवीतून केळी काढून तिच्या हातात ठेवली.

रविवारी ती आली. सेक्रेटरींनी आमचं बाक मागून उचलून अगदी पुढे, डाव्या हाताला नेऊन ठेवलं होतं. तिथून पास्टरांचा चेहरा नीट दिसे. पुढे बसून मोबाइल बघायची मला फार लाज वाटली, पण सवय झाली. दोन महिन्यांनी ती आपल्या दुकानातल्या दुसऱ्या एका मुलीला घेऊन आली, तिलाही ऐकू येत नव्हतं. मग जॉर्ज टाउनमध्ये छापखान्यात काम करणारा एक तरुण आणि त्याची बायको. सेक्रेटरींनी त्यांच्याकडून सलाम करायची खूण शिकून घेतली आणि दारात उभे राहून ती खूण सगळ्यांनाच करायला लागले, ऐकू येणाऱ्यांनासुद्धा.

आम्ही पाठवलेल्या बाकीच्या मेसेजना उत्तरं तेवढीच थोडी येत राहिली. काही लोक आले, काही गेले.

पुढच्या वर्षी तिनं चर्चच्या मंडळीची सभासद व्हायचं ठरवलं. त्या विधीसाठी तिची आई गावाहून आली. पास्टरनी प्रश्न आदल्या दिवशी तिला पाठवून ठेवले होते. त्या दिवशी ते तिच्यासमोर उभे राहून एकेक शब्द सावकाश बोलले. तिनं हातानं उत्तर दिलं, आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, तोंडानंही दिलं. तिचा आवाज आम्ही कुणी ऐकला नव्हता. तो जाड होता, मोठा होता, शब्द नीट फुटत नव्हता. मग सगळ्यांनी मिळून आमेन म्हटलं.

बाहेर अंगणात तिची आई माझे दोन्ही हात धरून तमिळमध्ये भराभर बोलत राहिली. पास्टर मध्ये उभे राहून सांगत होते. त्या बाई विचारत होत्या, "माझी मुलगी आणि तुम्ही कुठल्या भाषेत बोलता?" मी हातातला मोबाइल वर करून दाखवला. मुलगी घड्याळ बघत होती. दुकानाची पाळी चुकवून चालणार नव्हतं. तिनं मला लिहिलं, "आई भुकेली," आणि आईला माझ्यावर सोपवून ती बस पकडायला पळाली.

मी त्या बाईंना घरी घेऊन आले. भरली वांगी आणि भाकरी केली. भाकरी थापताना त्या शेजारी उभ्या राहून बघत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी मला बाजूला सारलं, स्वतः पीठ हातावर घेतलं आणि थापायला लागल्या. पहिली फाटली. दुसरी बरी झाली.