वखरावरचा दगड

नालवाडीच्या वर्कशॉपात मी सीएनसी लेथ चालवते. स्टेनलेस स्टीलचे शाफ्ट लागले, की मालक येता-जाता नॉब फिरवून फीड, म्हणजे कापणारी टिप पुढे सरकायचा वेग, कमी करायचे. “महागाचा माल आहे, जपून काप.” जपून कापूनच एका सकाळी तीन टिपा जळाल्या, आणि माझं डोकं फिरलं.

स्टेनलेसला नुसतं घासलं, की वरचा थर आणखी कडक होतो, आणि पुढच्या फेरीत टिप त्यावरच मरते. केळझरला आमच्या वावरात वखर वरवर घसरायला लागला, की बाबा त्यावर दगड ठेवायचे. मग वखराची पास, म्हणजे खालचं लोखंडी पातं, मातीत शिरायची.

मी तेच केलं. शाफ्टचे मिनिटाचे फेरे कमी केले, पण फीड आणि कापाची खोली वाढवली. टिपचं किंचाळणं थांबलं, स्टीलचा जाड कीस तुटून पडू लागला.

मालक धावत आले. “आवाज काऊन बंद झाला?”

“आता टिप कापून राह्यली. आधी घासत होती.”

उरलेले सगळे शाफ्ट त्याच एका टिपवर झाले. दुसऱ्या दिवशी मालक मशीनपाशी आले, सवयीनं हात नॉबकडे गेला. माझ्याकडे पाहून त्यांनी तो खिशात घातला.