सासुरवाडीला लावलेली जाळी

माझ्या सासऱ्यांच्या घराचं तोंड पश्चिमेला होतं, आणि त्याचं काही करायची जबाबदारी माझ्यावर कोणीही टाकलेली नव्हती.

घर पेणजवळ, हमरापूरला. खाली राहतं घर, वर माडीवर गणपतींचा कारखाना. माडीच्या लांब गॅलरीत कच्च्या मूर्ती वाळत ठेवलेल्या असत. चैत्र सरला की दुपारचं ऊन तिथे असं घुसायचं, की शाडूला तडे जायचे. कोणाची सोंड, कोणाचा कान. आप्पा, म्हणजे माझे सासरे, तडा ओल्या मातीने भरायचे आणि त्या मूर्तीकडे नुसते बघत बसायचे. ते बघणं मला बघवेना. (शिवाय नुकतंच लग्न झालेलं. सासुरवाडीत छाप पाडायची ती तेव्हाच!)

मी रोह्याला राहायचो आणि धाटावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होतो. म्हणजे लोखंडाशी ओळख होती, वाऱ्याशी नव्हती. रोह्याच्या एका वेल्डरकडून लोखंडी जाळी चौकटीत बसवून घेतली आणि टेम्पोत घालून हमरापूरला नेली. वर हुक ठोकून ती गॅलरीच्या तोंडावर पडद्यासारखी टांगली. खालची बाजू तारेने कठड्याला बांधली.

"खाली पण बोल्ट मारा ना," माझी बायको सुमन म्हणाली.

"काय गरज नाय! जाळी आहे ती. वारा आरपार जातो."

दुपार झाली. आप्पा गॅलरीत येऊन उभे राहिले.

"जावईबापू, वारा आरपार जातो म्हणालात ना?"

"हो!"

"ऊन पण जातंय हो."

खरंच होतं. सगळे गणपती चौकड्यांचा शर्ट घातल्यासारखे दिसत होते!

मग आप्पांनीच तोड काढली. जाळीवर वरपासून खालपर्यंत गोणपाट शिवून टाकलं. सावली झाली, आप्पा खूश झाले. आता ही जाळी राहिली नाही, होडीचं शीड झालं, हे माझ्या ध्यानात आलं होतं. पण त्यांचा चेहरा इतका निवला होता, की मी तोंड उघडलं नाही.

दोन-चार दिवस बरे गेले. मग नुसत्या झुळकीनेही चौकट कठड्यावर आपटू लागली. खडखड, खडखड! परदेशी जाणाऱ्या मूर्तींच्या डोळ्यांची तेव्हा आखणी चालू होती. आप्पा श्वास रोखून डोळा काढायला जायचे, खडाड् व्हायचं आणि गणपतीची भुवई कपाळावर चढायची.

"अगो सुमन, बघ," सासूबाई म्हणाल्या, "दचकलाय बिचारा!"

आवाज बंद व्हावा म्हणून त्यांनी जाळीवर ओली गोधडी टाकली. वजन पाहिजे म्हणून आणखी एक टाकली. मी बघत होतो. (जावयाने सासूबाईंना वाऱ्याचं शास्त्र शिकवायचं असतं का?)

तो रविवार होता. मी तिथेच होतो, दुर्दैवाने. दुपारी खाडीकडून आभाळ काळं झालं आणि वारा सुटला. गोणपाट फुगलं. खालच्या तारा तटातट तुटल्या. चौकट खिडकीच्या दारासारखी बाहेर उचलली गेली आणि परत येऊन कठड्यावर आदळली. आत मूर्ती!

"मूर्ती आत घ्या!" मी ओरडलो आणि चौकटीचा खालचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

आप्पा, सासूबाई मूर्ती उचलून आत पळू लागले. पुढच्या झोताला माझे पाय जमिनीवरून सुटले. सुमनने मागून माझ्या कमरेला मिठी मारली. (लग्नानंतर पहिल्यांदाच, चारचौघांत!) अंगणातून शेजारचे हसनभाई, कुवेतहून सुट्टीवर आलेले, ओरडत होते, "अवो पावणे, सोडा!"

सोडतोय कसला! माझी जाळी होती ती. पोट कठड्यावर आणि अर्धा मी बाहेर.

आप्पांनी मागे वळून पाहिलं. आजवर त्यांनी मला 'अहो, जावईबापू'शिवाय हाक मारली नव्हती.

"सोड रे ती! गाढवा, पडशील खाली!"

"आप्पा, मूर्ती..."

"मूर्ती दुसऱ्या करीन मी! तुला कुठून आणू?"

मी हात सोडले. जाळी हुकांसकट उखडली, गोधड्या फडफडवत अंगणात उतरली आणि माझ्या स्कूटरवर आडवी झाली. माडीवर तीन मूर्ती फुटल्या होत्या. आप्पांनी तुकडे गोळा करून पुन्हा भिजत घातले. माती मातीत गेली, म्हणाले. मला मात्र त्यांनी भिंतीशी बसवलं आणि माझे सोललेले तळवे स्वतः धुतले. ते मघाचं 'रे' मी मनातल्या मनात पुन्हा पुन्हा ऐकत होतो.

पुढच्या आठवड्यात हसनभाई, आप्पा आणि मी मिळून जाळी पुन्हा बसवली. या वेळी ऊन अडावं म्हणून बारीक भोकांची घेतली. वर-खाली भिंतीतून आरपार बोल्ट मारले, मागून पट्ट्या लावल्या, मध्ये टेके दिले. ती अजून हललेली नाही.

तेव्हापासून आसपासच्या कारखान्यांत कोणाला जाळी लावायची असली, की मला आवर्जून बोलावणं येतं. खुर्ची देतात, चहा देतात आणि विचारतात, "पावणे, तुमच्या मते कशी बसवावी?" मी सविस्तर सांगतो. सगळे मन लावून ऐकतात, माना डोलावतात. मग घरमालक कारागिराकडे वळून हळूच म्हणतो,

"ऐकलंस ना? तसं नाय करायचं!"