वडील, पण कुणाचे?

गल्लीच्या तोंडाशी किल्ल्या बनवणाऱ्या ओकाकांचं खरं नाव विचाराल, तर त्यांच्या बायकोलाही क्षणभर आठवावं लागेल. जन्मभर कुलपांशी झटापट केलेला हा माणूस, पण त्याला नाव पडलं ते एका अक्षरावरून. ऐन तिशीत त्यांनी एका प्रवाशाच्या बॅगेचं अडकलेलं कुलूप उघडून दिलं आणि त्याने खूश होऊन एक पातळसं पुस्तक हातात ठेवलं. ते होतं एस्पेरान्तोचं. सगळ्या जगाने एकमेकांशी बोलावं म्हणून मुद्दाम तयार केलेली भाषा! काकांनी ते पुस्तक कानशीशेजारी ठेवून पाठच केलं. "नाम म्हटलं की शेवटी ओ! अपवाद नाही, भानगड नाही!" असं ते येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचे. गिऱ्हाईक बिचारं किल्लीसाठी आलेलं. तेव्हापासून काकांचे ओकाका झाले.

आणि स्वारीला त्या नावाचा तोरा केवढा! मुलाचं लग्न झालं, सून घरात आली आणि तिने विचारलं, "मी तुम्हाला काय म्हणू?" तर हे छाती फुगवून म्हणाले, "सगळे ओकाका म्हणतात, तूही म्हण." झालं! सासूला ती पहिल्या दिवसापासून आई म्हणायला लागली आणि सासऱ्याला मात्र दूधवाला म्हणतो तसं ओकाका. दोन वर्षं अशीच गेली. आता तिच्या तोंडून ते नाव ऐकलं की काकांना कुठेतरी खुपायचं. पण सांगणार कुठल्या तोंडाने? बायको हसायची. "स्वतःच्या हाताने कुलूप घातलंत ना? आता शोधा किल्ली!"

सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. मराठी ती लग्नाआधीच शिकली होती, पण तिची स्वतःची भाषा आसामकडची बोडो. फोनवर माहेरच्यांशी बोलताना तिचा आवाज असा काही चढायचा-उतरायचा की काका हातातलं काम सोडून ऐकत राहायचे. एस्पेरान्तो मंडळात पुढच्या महिन्याचं भाषण कोण करणार, असा प्रश्न निघाला तेव्हा काकांनीच हात वर केला. "एस्पेरान्तो आणि बोडो," ते म्हणाले. मंडळ म्हणजे काय, वाचनालयाच्या माडीवर जमणारी नऊ टाळकी, पण काकांना ती संसदच वाटायची.

मग दुकानात तयारी सुरू झाली. मोठ्या कागदावर शंभर शब्दांचा तक्ता आखला. सून कामावरून परतताना स्टुलावर टेकायची आणि एकेक चौकोन भरायची. बोडोही देवनागरीतच लिहितात हे कळल्यावर तर काका हरखलेच. वाचता येतंय म्हणजे निम्मं काम झालं की! पण तिने एकदा "मासे सैमा" असं लिहिलं आणि सैमा म्हणजे कुत्रा हे माहीत असलेले काका ऐटीत म्हणाले, "कुत्रा मासे खातो!"

सून हसता हसता स्टुलावरून पडायची राहिली. "एक कुत्रा, ओकाका! जनावर मोजताना एकाला मासे म्हणायचं. माणूस असला तर सासे."

"कशाला हा उपद्व्याप? आमच्या एस्पेरान्तोत एक म्हणजे उनु, सगळ्यांना मिळून एकच."

"माणूस आणि कुत्रा एकाच मापाने मोजायचे?" तिने विचारलं.  काकांनी कानस उचलली आणि उगाच एक किल्ली घासली.

असं करत ते वडिलांपर्यंत आले. एस्पेरान्तोच्या रकान्यात काकांनी पात्रो लिहून ठेवलं होतं. "तुमच्यात वडील?"

"कुणाचे?"

"कुणाचे म्हणजे? नुसते वडील."

"नुसते नसतात. माझे असले तर आफा. त्याचे नाहीतर तिचे असले तर बिफा. तुमच्या वडिलांना आणखी तिसराच शब्द."

"चौकोन एकच आहे, बाई."

"मग रिकामा ठेवा."

काका हसत म्हणाले, "म्हणजे मी कोण? तुझ्या नवऱ्याचा बिफा!" म्हणायला ते हसत होते, पण वाईट वाटायचं ते वाटलंच. सून मान खाली घालून पुढच्या शब्दाकडे वळली. तक्त्यातले नव्याण्णव चौकोन भरले.

भाषणाच्या दिवशी सासू-सुना मागच्या रांगेत बसल्या होत्या. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे भूगोलाचे निवृत्त मास्तर. त्यांची नजर नेमकी त्या रिकाम्या चौकोनावर गेली. काकांनी आफा आणि बिफा नीट समजावून सांगितले. मास्तर म्हणाले, "म्हणजे वडील एवढा साधा शब्द नाही? अपुरीच म्हणायची भाषा."

काकांच्या डोक्यात तिडीकच गेली. "मास्तर, एस्पेरान्तो ही माझी मास्टर किल्ली. कुठलंही दार उघडावं म्हणून घडवलेली. तिचा अभिमान मी मरेपर्यंत बाळगेन. पण घराची किल्ली एकाच दाराला लागते, म्हणून तिला कुणी अपुरी म्हणतं का? या भाषेत बाप मोघम नसतो. तोंड उघडलं की आधी सांगावं लागतं, हा माझा की दुसऱ्याचा. आणि ही भाषा माझ्या घरात बोलतात, माझी सून बोलते!"

टाळ्या पडल्या. मास्तरही मनापासून हसले. "मान्य, मान्य. मग सूनबाई तुम्हाला यातलं काय म्हणतात?"

 काका हळूच म्हणाले, "ओकाका."

सगळे खो खो हसले. काकाही हसले आणि घाईघाईने पुढच्या शब्दाकडे वळले. अक्षरं धूसर दिसायला लागली. त्यांनी चष्म्यासाठी शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचे दोन्ही खिसे, टेबलावरचे कागदही उचलून पाहिले.

मागच्या रांगेतून आवाज आला, "आफा, चष्मा कपाळावर आहे."

माडीवरच्या सगळ्या माना मागे वळल्या. त्या शब्दाचा अर्थ आता सगळ्यांना ठाऊक होता. काकांचा हात कपाळाकडे गेलाच नाही. चाळीस वर्षं प्रत्येक नामाला ओ लावत आलेला हा माणूस, त्याला तेवढ्यापुरता दुसरा शब्दच सुचेना.

"ओ," ते म्हणाले.