कौसल्येनं दूध सोडलं

चांदी म्हैस व्याली आणि पंधरवड्यातच तिचं रेडकू हगवणीनं मेलं. म्हैस दावणीला हंबरत राहिली आणि पान्हा चोरू लागली. मग कौसल्येच्या नवऱ्यानं, भुजंगनं, सगळ्या भागात करतात तेच केलं. रेडकाचं कातडं काढून घेतलं, मीठ लावून वाळवलं, आत भुसा भरून शिवलं आणि पायांच्या जागी काड्या घालून ते चांदीच्या पुढ्यात उभं केलं.

कौसल्या तेव्हा चांदीच्या आंबोणाची, भिजवलेल्या पेंडीची पाटी घेऊन गोठ्यात उभी होती. चांदीनं आधी हुंगलं. मग ती चाटू लागली. डोळ्यांच्या जागी शिवण होती, तिथं चाटलं, काड्यांपर्यंत चाटलं. भुजंग कासेखाली बसला आणि चरवीत धार वाजू लागली.

"बघ, सोडला पान्हा," तो हसून म्हणाला.

यात कुणी दुष्टपणा केला, असं कौसल्येला तेव्हाही वाटलं नाही आणि पुढंही नाही. तिला फक्त मागच्या वर्षीचा दिवस आठवला. तिचं पहिलं लेकरू बारशाआधीच गेलं होतं. लेकरू गेलं तरी दूध येत होतं. चोळी भिजायची. सासूनं, झुंबरबाईनं, जुन्या लुगड्याची पट्टी फाडून तिची छाती घट्ट बांधली होती आणि बांधताना तोंड दुसरीकडं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा तिच्या गळ्याखाली उतरला नाही. तिनं कपबशी मोरीत रिकामी केली. उद्या घेऊ, असं स्वतःला समजावलं. उद्याही जमलं नाही. मग ताक गेलं, दही गेलं, भाकरीवरचं तूप गेलं. घर माळकरी, मांसमच्छी, अंडं आधीपासूनच वर्ज्य. आता तिच्या ताटात भाकरी, अंबाडीची भाजी, तेल घातलेली जवसाची चटणी आणि पाण्यासारखं वरण एवढंच उरलं.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण १९८८ साली कुंभार पिंपळगावच्या आसपासच्या खेड्यात सुनेनं दूध टाळायचं म्हणजे दिवसभर लपाछपी. कुणाच्या दारात गेलं की चहा येतो आणि नको म्हटलं की त्या घराचा अपमान होतो. तिनं पित्ताचं निमित्त सांगितलं. सख्खी मावशी फुगून बसली. लग्नाच्या पंगतीत पुरणपोळीवर तूप वाढायला आलेल्या बाईचा हात तिनं अडवला, तर शेजारची म्हणाली, "आमच्या तुपाला वास येतो का गं?" पुढच्या लग्नाला ती गेलीच नाही.

एकच दार सोपं होतं, ते हसीनाचं. हसीनाचा नवरा गावात शिलाईचं काम करायचा. ती गूळ-आलं घालून कोरा चहा ठेवायची आणि कारण विचारायची नाही. फक्त एकदा म्हणाली, "बाई, तुमी बिलकुल वाळून चालल्या. घरी कुणाला सांगितलं का?"

सांगायचं काय? म्हैस भुशाला चाटत होती म्हणून मी दूध पीत नाही, हे वाक्य तिनं मनात कितीदा जुळवलं होतं. प्रत्येक वेळी ते वेड्या बाईचं वाटायचं. शिवाय तिलाच चांदीची धार काढावी लागे. ते दूध डेअरीवर जाई, त्यावर घराची मीठमिरची चाले. आपण दूध काढतो आणि पीत नाही, याला काय म्हणायचं, तेही तिला ठाऊक नव्हतं.

घरात कळायचं ते कळलंच. भुजंग चिडला. घरात दुभतं असून बायको कोरडं खाते, लोक मला काय म्हणतील, हा त्याचा मुद्दा. एका जेवणाला त्यानं स्वतः तिच्या भाकरीवर तुपाची वाटी उपडी केली आणि समोर बसून राहिला. ती भाकरीकडं बघत राहिली. तूप थिजलं, भाकरी गार झाली, तो उठून गेला. झुंबरबाईला वेगळीच शंका होती. तिनं सुनेवरून मीठ-मोहरी उतरवून चुलीत टाकली. मोहरी तडतडली, पण सून दुधाला शिवली नाही.

अखेर कौसल्या खोटं बोलली. मी रामनवमीला माहेरच्यांबरोबर जांब समर्थला गेले होते, तेव्हा देवापुढं दूध सोडलं, म्हणाली. त्या भागात लोक देवाच्या ठिकाणी जाऊन एखादा पदार्थ सोडतात. कुणी वांगं सोडतं, कुणी पेरू. मग जन्मभर त्याला कुणी आग्रह करत नाही, कारणही विचारत नाही.

घर एका दिवसात शांत झालं. भुजंग मान खाली घालून जेवू लागला. झुंबरबाई बायांना सांगू लागली, "माझ्या सुनंनं दूध सोडलं, खायचं काम न्हाई ते." बाया तिच्याकडं आदरानं बघत. कौसल्येला त्या नजरांची भीती वाटे. चोरून आणलेलं लुगडं नेसल्यासारखं वाटे.

पुढच्या वर्षी तिला दिवस गेले आणि तो आधारही सुटला. झुंबरबाई म्हणाली, आता सोडलेलं सोडवून घ्यायचं. दुधातुपाशिवाय पोट कसं पोसणार, लेकरू कशावर जगणार? जिथं सोडलं तिथंच जाऊन देवाची परवानगी घ्यायची, तीर्थ प्यायचं आणि मोकळं व्हायचं. पहिलं लेकरू गेलेलं, त्यापुढं कौसल्या काय बोलणार? तिलाही धास्ती होतीच. हातापायांच्या काड्या झालेल्या तिला दिसत होत्या. माझ्या हट्टापायी हेही गेलं तर, या विचारानं तिचा घास हातातच राहायचा.

दोघी एसटीनं जांबला गेल्या. पुजाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, अभिषेक केला आणि पळीनं कौसल्येच्या ओंजळीत पंचामृत घातलं. दूध, दही, तूप, मध, साखर. तीर्थ खाली सांडायचं नसतं. परत द्यायचं नसतं. ओंजळ तोंडाजवळ नेली आणि तिला वास आला. बोटांच्या फटीतून एक थेंब मनगटावर ओघळला.

"घे," झुंबरबाई म्हणाली. "घे बाई. लेकराकडं बघ."

"आत्याबाई, मी काई सोडलं नव्हतं," कौसल्या म्हणाली. "देवापुढं बोललेच न्हाई मी. खोटं सांगितलं."

पुजारी पळी धरून तसाच उभा राहिला. मागं दर्शनाला थांबलेल्या दोन बाया ऐकायला पुढं सरकल्या.

"मंग का पीत न्हाईस?" झुंबरबाईनं विचारलं.

"चांदी त्या भुशाला चाटत होती. मला ते बघवलं न्हाई. तुमी माझी छाती बांधली होती, तेव्हा मला बी कुणी तसं काई दिलं असतं, तर मी बी चाटलं असतं."

झुंबरबाईच्या तोंडावरचा राग तिथंच अडकला. मग तिनं स्वतःची ओंजळ सुनेच्या ओंजळीखाली धरली.

"वत इकडं. सांडू नको."

कौसल्येनं ओतलं. झुंबरबाईनं ते पिऊन टाकलं, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि पुजाऱ्याला नमस्कार करून बाहेर आली. पुढची एसटी यायला अवकाश होता. दोघी लिंबाखाली बसल्या. कौसल्या शिव्यांची वाट बघत होती. आता लपायला देवही उरला नव्हता.

"आता तुला काय खाऊ घालू?" झुंबरबाई रस्त्याकडं बघत म्हणाली. "तीळ, शेंगदाणे, जवस, हुलगे. दुसरं हाय काय आपल्या घरी? त्यावर येईल का तुला दूध?"

"माहीत न्हाई."

"माहीत न्हाई म्हणती." ती सुनेकडं वळली. "हे लेकरू बी गेलं, तर मी तुला माफ करणार न्हाई, कौसे."

कौसल्येनं पोटावरचा पदर सारखा केला.

"मी बी न्हाई करणार, आत्याबाई," ती म्हणाली.